छायाचित्र आणि बंद्याचा हक्क

अल्लाहच्या हक्कांत झालेली कसूर खऱ्या तौबाने माफ होऊ शकते. परंतु बंद्याचा हक्क तो परत केल्याशिवाय किंवा त्या बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही. जमीन, कर्ज आणि वारसा यांबाबत हा नियम आपण जाणतो. छायाचित्राबाबत मात्र तो आठवत नाही. जलशाच्या पत्रकासाठी, मदरशाच्या अहवालासाठी कोठूनतरी चित्र उचलले जाते, कोपऱ्यातील नाव कापले जाते आणि कोणालाच काही वावगे वाटत नाही.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला. तेथील छायाचित्रकार दानिएल मोरेल यांनी त्याच दिवशी काढलेली छायाचित्रे ट्विटरद्वारे लोकांपुढे ठेवली. दुसऱ्या एकाने ती स्वतःची म्हणून टाकली आणि एएफपी या वृत्तसंस्थेने त्याच्याच नावाने ती जगभर धाडली. गेटी इमेजेसमार्फतही त्यांचे वितरण झाले. ट्विटरवर टाकलेले चित्र वापरण्याची मुभा असते, हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने सुमारे १२ लाख डॉलर भरपाई ठरविली.

येथे दोन वेगळे अपराध आहेत. परवानगीविना वापर हा पहिला. दुसऱ्याचे माल अन्यायाने खाण्यास कुरआनने मनाई केली आहे. श्रेय भलत्याला देणे हा दुसरा. न केलेल्या कामाबद्दल प्रशंसा व्हावी अशी इच्छा धरणाऱ्यांना सूरह आलि इमरानमध्ये कठोर इशारा आहे. म्हणून चित्राखाली नाव छापले की परवानगीची गरज उरली नाही, असे समजू नये.

‘हा तर नुसता प्रकाशाचा ठसा, यात माल कोठे?’ असे कोणी विचारील. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ च्या कुवेत येथील अधिवेशनात लेखन व संशोधनाचे हक्क शरीअतने संरक्षित असल्याचे ठरविले. छायाचित्रकाराचे श्रमही याच जातीचे आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृतीच आहे. तिच्या हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही. मोबदला देऊन काढून घेतलेल्या लग्नाच्या छायाचित्रांचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तरीही निर्मिती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार छायाचित्रकाराकडेच राहतो.

सजीवांच्या चित्रांविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. ज्याला ती अवैध वाटतात त्याने छापूच नयेत. छापणाऱ्याला मात्र हा मतभेद ढाल म्हणून वापरता येत नाही. ‘दीनच्या कामासाठीच घेतले’ ही सबबही टिकत नाही. बळकावलेल्या जमिनीवर मशीद बांधणे कोठे वैध आहे?

वाचकहो, दोन ओळींचा निरोप पाठवून परवानगी मागण्यास फारसा वेळ लागत नाही. मोबदला मागितला आणि तो परवडत नसेल, तर दुसरे चित्र घ्यावे. चित्र कोणाचे हे कळतच नसेल, तर ती जागा मजकुरासाठी ठेवावी. आधीच छापून गेले असेल, तर त्या छायाचित्रकाराला कळवावे, त्याचा मोबदला चुकता करावा किंवा माफी मिळवावी आणि पुढच्या अंकात, त्याच ठळक जागी, त्याचे नाव द्यावे.