निवाऱ्याचा हक्क

२४ मार्च २०२० या दिवशी रात्री साऱ्या देशाने एक आज्ञा ऐकली. करोना या संसर्गजन्य रोगाची साथ पसरू नये, म्हणून त्या मध्यरात्रीपासून २१ दिवस प्रत्येकाने आपापल्या घरातच राहावे, अशी ती आज्ञा होती. शाळा व प्रवासी आगगाड्या आधीच बंद झाल्या होत्या. आता कारखाने थांबले, बांधकामे थांबली, रस्ते ओस पडले. लोकांनी दारे लावून घेतली आणि ते घरात बसून राहिले.

परंतु दार लावून घेण्यासाठी आधी दार असावे लागते. ज्यांना घरच नव्हते, त्यांनी ही आज्ञा कशी पाळावी?

असे लोक थोडे नव्हते. आपल्या देशात दर दहा वर्षांनी जनगणना करण्याची प्रथा चालत आली. त्या गणनेत बेघरांची मोजदाद रात्रीच्या वेळी केली जाते. कारण दिवसा ही माणसे कामासाठी किंवा पोटासाठी गावभर फिरत असतात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री ही मोजदाद झाली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळ्यांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या मंडपात आणि रेल्वेच्या फलाटावर झोपलेली माणसे त्या रात्री मोजली गेली. साऱ्या देशात त्यांची संख्या १७ लाखांहून अधिक भरली. त्यांपैकी २ लाखांहून अधिक माणसे एकट्या महाराष्ट्रात होती.

घर नसणे म्हणजे केवळ छप्पर नसणे नव्हे. ज्याला घर नाही, त्याला हात धुण्यास पाणी नाही, आजारात पडून राहण्यास जागा नाही, आणि पत्ता नसल्यामुळे शिधापत्रिका मिळवणेही कठीण. साथीच्या दिवसांत ही उणीव जीवघेणी ठरते. वैद्य सांगतात की, वारंवार हात धुवा, इतरांपासून अंतर ठेवा, ताप आल्यास वेगळ्या खोलीत राहा. ही तिन्ही पथ्ये पाळण्यास घर लागते. शिवाय साथीचा रोग गरीब आणि श्रीमंत असा भेद जाणत नाही. फलाटावरील एका माणसाचा ताप पाहता पाहता साऱ्या नगराचा ताप होऊ शकतो. म्हणून बेघराला आसरा देणे ही जशी दया आहे, तशीच ती साऱ्या समाजाची सुरक्षितताही आहे.

टाळेबंदीने आणखी एका मोठ्या वर्गाला बेघर केले. तो वर्ग म्हणजे परगावी जाऊन राबणाऱ्या मजुरांचा. इमारतीच्या बांधकामावर काम करणारा मजूर बहुधा त्याच बांधकामाच्या आवारात झोपतो. कारखान्यातील कामगार दहा जणांत मिळून एक खोली भाड्याने घेतो. काम थांबताच मजुरी थांबली, आणि मजुरी थांबताच आसराही गेला. जे हात इतरांची घरे बांधत होते, त्या हातांना स्वतःचे घर शेकडो कोस दूर होते. तेव्हा माणसे पायीच निघाली.

भंडारा जिल्ह्याने ही वाटचाल जवळून पाहिली. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या जिल्ह्यातून जातो. भंडारा शहर मागे टाकले की कारध्याजवळ तो वैनगंगा ओलांडतो, आणि पुढे लाखनी व साकोलीवरून पूर्वेकडे वळतो. एरवी या रस्त्याने मालमोटारी धावतात. २०२० च्या उन्हाळ्यात त्याच रस्त्याने डोक्यावर गाठोडे आणि कडेवर मूल घेतलेली माणसे चालताना दिसू लागली. विदर्भातील उन्हाळा म्हणजे काय, हे येथील मुलांना सांगावयास नको. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि डांबर पायाला चटके देते. अशा उन्हात घराच्या ओढीने ही माणसे चालत होती.

अशा वेळी शासनाचे कर्तव्य कोणते? हे नीट समजण्यासाठी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली व पुढे ती पुण्यात पोहोचली. त्या वेळच्या इंग्रज सरकारने १८९७ मध्ये साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा केला. तो अगदी लहान होता. साथ रोखण्यासाठी सरकारने वाटेल ते खास उपाय योजावेत, आणि जो आज्ञा मोडील त्याला शिक्षा करावी, असा त्याचा आशय होता. लोकांना अन्न द्यावे, आसरा द्यावा, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. त्या कायद्याने सरकारला अधिकार दिला, पण लोकांप्रती कर्तव्य सांगितले नाही. ती उणीव काही थोर माणसांनी स्वतःच्या अंगावर घेतली. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा केली, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

स्वतंत्र भारताने २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्यात मात्र कर्तव्याचा उल्लेख आहे. आपत्तीत सापडलेल्यांसाठी मदत छावणी उघडली, तर तेथे निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांची किमान सोय कशी असावी, हे ठरवून दिले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. प्रत्येक जिल्ह्यात यासाठी एक प्राधिकरण असते व जिल्हाधिकारी त्याचे प्रमुख असतात. २०२० ची टाळेबंदी याच कायद्याच्या आधारे लागू झाली. तेव्हा ज्या कायद्याने लोकांना घरात राहावयास सांगितले, त्याच कायद्याने बेघरांच्या निवाऱ्याची जबाबदारीही शासनावर टाकली होती.

त्याप्रमाणे पावले पडू लागली. २८ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने राज्यांना आपत्ती निवारणाचा निधी बेघर व स्थलांतरित मजूर यांच्या निवाऱ्यासाठी, अन्नासाठी व औषधपाण्यासाठी खर्च करण्याची मुभा दिली. दुसऱ्या दिवशी आणखी एक आदेश निघाला. गरजूंसाठी तात्पुरती निवारागृहे उघडावीत, मजुरांकडून महिनाभर घरभाडे मागू नये, आणि त्यांना घराबाहेर काढणाऱ्या मालकावर कारवाई करावी, असे त्यात सांगितले होते. मार्च संपण्यापूर्वीच महाराष्ट्र शासनाने २६२ मदत केंद्रे उघडल्याचे जाहीर केले. तेथे सुमारे ७० हजार मजूर व बेघर लोकांची राहण्याजेवण्याची सोय झाली. ३१ मार्चला केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयास दिलेल्या माहितीनुसार साऱ्या देशात अशी २१ हजारांहून अधिक केंद्रे उघडली होती, आणि सुमारे ६ लाख ६६ हजार लोक तेथे राहत होते.

नुसत्या छपराने पोट भरत नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली होती. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात अशी ती थाळी १० रुपयांत मिळे. शहरात एका थाळीचा खर्च ५० रुपये धरला होता. उरलेले ४० रुपये शासन देत असे. टाळेबंदी येताच थाळीची किंमत १० रुपयांवरून ५ रुपये करण्यात आली. २०२१ मध्ये साथीची दुसरी लाट आली, तेव्हा एप्रिलपासून काही काळ ती विनामूल्य देण्यात आली. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांनाही दोन महिने दरमहा माणशी ५ किलो धान्य देण्याचे ठरवले. राज्य परिवहनाच्या गाड्यांनी त्याच महिन्यात हजारो मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत विनाभाडे पोहोचवले.

ही मदत मोठी होती, तरी ती सर्वांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही, हेही सत्य आहे. टाळेबंदीची आज्ञा आधी आली आणि निवाऱ्याचे आदेश चार दिवसांनी आले. तोवर हजारो माणसे रस्त्यावर उतरली होती. श्रमिकांसाठी खास आगगाड्या १ मेपासून सुटू लागल्या. परंतु नाव कोठे नोंदवावे, गाडी कधी सुटेल, हे अनेकांना कळलेच नाही. जालन्याहून भुसावळकडे रूळांच्या कडेने निघालेले काही मजूर करमाडजवळ थकून रूळांवरच झोपी गेले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली सापडून त्यांपैकी १६ जण मृत्यू पावले. ही माणसे चोर नव्हती, दरोडेखोर नव्हती. ती केवळ घरी जात होती. २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, परतणाऱ्या मजुरांकडून प्रवासभाडे घेऊ नये, आणि ते जेथे अडकले असतील तेथे त्यांना अन्न व निवारा द्यावा. आदेश योग्यच होता. पण तो निघाला तेव्हा टाळेबंदीला दोन महिने उलटून गेले होते.

साथीच्या काळात निवाऱ्याचा प्रश्न इतर देशांपुढेही उभा राहिला. इंग्लंडमध्ये पदपथावर झोपणाऱ्यांना मार्च २०२० पासून रिकाम्या पडलेल्या हॉटेलांत व वसतिगृहांत खोल्या देण्यात आल्या. मे महिन्यापर्यंत सुमारे १५ हजार माणसांची अशी सोय झाली. ज्या खोल्या एरवी पैसे देणाऱ्या प्रवाशांसाठी असत, त्या शासनाने भाडे देऊन बेघरांसाठी उघडल्या. मनात आणले तर जागा सापडते, हेच यावरून दिसते.

आपल्याकडेही कायमच्या सोयीचा विचार झालेला आहे. २०१३ साली सुरू झालेल्या नागरी उपजीविकेच्या राष्ट्रीय योजनेत शहरी बेघरांसाठी निवारागृहांची तरतूद केली गेली. दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांना पुरेल असा निवारा असावा, आणि प्रत्येकाला निदान ५० चौरस फूट जागा मिळावी, असे त्यात ठरवले होते. ५० चौरस फूट म्हणजे १० फूट लांब व ५ फूट रुंद जागा. एक अंथरूण, एक पेटी आणि उठण्याबसण्यापुरती मोकळीक, एवढेच त्यात मावते. परंतु ज्याला रोज रात्री कोणी ना कोणी हुसकून लावते, त्याला एवढी हक्काची जागाही राजवाड्यासारखी वाटते.

महाराष्ट्राच्या भूमीत निवारा देण्याची परंपरा जुनी आहे. विदर्भात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक अशा तीर्थक्षेत्रांत गरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. स्वतः मात्र ते हाती खराटा घेऊन रानोमाळ फिरले. त्यांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. त्यांची ही शिकवण आजही मोलाची आहे. परंतु धर्मशाळा दात्याच्या दयेवर चालते, आणि दया कधी पाझरते, कधी आटते. हक्काचे तसे नाही. शासन जे देते, ते साऱ्या जनतेच्या करांतून देते. म्हणून निवाऱ्याला येणारा मनुष्य भिकारी नव्हे. तो या देशाचा नागरिक आहे.

साथी येतात आणि जातात. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. तिची तयारी मात्र आधी करता येते. आपल्या गावात रात्री उघड्यावर कोण झोपते, माळावर कोणाची पाले पडलेली आहेत, वीटभट्टीवर कोठून मजूर आले आहेत, याची नोंद प्रत्येक नगरपरिषदेपाशी व ग्रामपंचायतीपाशी असली पाहिजे. कोणती शाळा, कोणते समाजमंदिर निवाऱ्यासाठी उघडता येईल, तेथे पाणी व शौचालय आहे काय, हेही आधीच पाहून ठेवले पाहिजे. घरात राहा, असे सांगण्याचा अधिकार शासनाला आहे. पण ज्याला घर नाही, त्याला तो दिवस मावळण्यापूर्वी घर दाखवणे, हे त्या अधिकाराबरोबर येणारे कर्तव्य आहे.

शब्दार्थ

पथ्य – आरोग्यासाठी पाळावयाचा नियम. आशय – मतितार्थ. प्राधिकरण – अधिकार असलेले मंडळ. स्थलांतरित – एक ठिकाण सोडून दुसऱ्या ठिकाणी गेलेला. पाल – कापडाची तात्पुरती राहुटी. हुसकणे – हाकलून देणे.

स्वाध्याय

१. बेघरांची मोजदाद रात्री का केली जाते?

२. १८९७ चा कायदा आणि २००५ चा कायदा यांत कोणता मुख्य फरक आहे, तो आपल्या शब्दांत सांगा.

३. कारणे द्या : (अ) टाळेबंदीत मजुरांचा आसरा गेला. (आ) बेघराला आसरा देणे ही साऱ्या समाजाची सुरक्षितता आहे.

४. दया आणि हक्क यांतील भेद पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत लिहा.

५. वर्गाच्या जमिनीवर खडूने १० फूट लांब व ५ फूट रुंद चौकोन आखा. त्यात एका माणसाचे कोणते सामान मावेल, त्याची यादी करा.

६. आपल्या गावात आपत्तीच्या वेळी निवारा म्हणून कोणती इमारत वापरता येईल? तेथे कोणत्या सोयी आहेत व कोणत्या नाहीत, याची वडीलधाऱ्यांकडे चौकशी करून माहिती लिहा.