गाणं कुणासाठी, ते आधी विचार

छत्तीस तासांच्या स्पर्धेत गाण्यांच्या याद्यांचं ‘सोशल’ ॲप करून दाखवायचंय म्हणून तुझा फोन आला, आणि पहिला प्रश्न काय, तर ‘आत्या, रंग कोणता घेऊ?’ रंगाचं शेवटी सांगते. त्याला पाच मिनिटं पुरतात.

तुझ्या आजोबांचं, म्हणजे आप्पांचं, सांगलीत कॅसेटी भरून द्यायचं दुकान होतं हे तुला ठाऊक आहे, पण तिथलं काम तू पाहिलेलं नाहीस. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचं आणि आप्पा रेकॉर्डवरून कोऱ्या कॅसेटवर ती गाणी उतरवायचे. (कायद्याने ही चोरीच होती. गावोगावी चालायची म्हणून ती चोरी नव्हती असं होत नाही. तुझ्या ॲपमध्ये गाण्याची फाइल चढवायची सोय ठेवू नकोस, हे आत्ताच सांगून ठेवते.) यादी हातात आली की एकही गाणं वाचायच्या आधी आप्पा विचारायचे, ‘कुणासाठी?’ डोहाळजेवणात वाजवायची असली तर एक क्रम, ट्रकवाल्याला रात्रीच्या फेरीत ऐकायची असली तर दुसरा. गाणी कधीकधी तीच असायची. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. शेवटचं गाणं मध्येच तुटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात हजर. म्हणून अडीच-तीन मिनिटांच्या गाण्यांची एक वेगळी वही गल्ल्याजवळ असायची. बाजू संपत आली की त्यातलं एखादं बसवायचं.

पुढे मी पुण्यात पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरच्या पडद्यांची मांडणी केली. आप्पांच्या त्या एका प्रश्नापेक्षा जास्त कामाचं मला तिथे फारसं काही सापडलं नाही.

‘सोशल’ म्हटलं की तुम्ही पोरं लगेच लाइक, फॉलो, कॉमेंट काढायला बसता. त्याची गरज नाही. रेडिओवरच्या फर्माइशीच्या कार्यक्रमात गाण्याआधी नावं वाचली जायची, ती ऐकायला लोक कान लावून बसायचे. झुमरीतलैया हे आताच्या झारखंडातलं गाव देशभर माहीत झालं ते तिथल्या लोकांनी पाठवलेल्या फर्माइशींमुळे. तुझ्या ॲपमध्येही गाणं, टाकणाऱ्याचं नाव आणि ‘का टाकलं’ याची एक ओळ, एवढंच एका पट्टीवर दिसू दे. बाकी सगळं नंतर. नंतर म्हणजे स्पर्धा संपल्यावर.

पहिले तीन तास लॅपटॉप उघडू नका. चौघं आहात ना? कागद घ्या, मोबाइलच्या आकाराच्या चौकटी आखा आणि तीनच पडदे काढा: यादी, गाणं शोधणं, गाणं टाकताना लिहायची ओळ. मग ते कागद घेऊन हॉलमधल्या पाच अनोळखी माणसांकडे जा. ‘यात एक गाणं टाका’ एवढंच म्हणायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बोट कुठे अडतं ते बघायचं. मी असंख्य वेळा ही चाचणी केली आहे, आणि अडलेल्या माणसाला मदत करायचा मोह आवरणं हेच त्यातलं सगळ्यात अवघड काम आहे.

खातं उघडणं, पासवर्ड, ओटीपी यांत शिरू नका. यादीची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवता यावी, उघडल्यावर फक्त नाव विचारावं. लिंकमधला कोड मात्र लांब ठेवा, नाहीतर कुणीही आकडे बदलून दुसऱ्याच्या यादीत घुसेल.

आणि एकच वाट आधी पूर्ण चालती करा. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं तेव्हा ५६ गाणी लिहून तयार नव्हती. गदिमा लिहीत गेले, बाबूजी चाली लावत गेले, आणि आठवड्याचं गाणं त्या आठवड्याला पुरं होऊन लोकांच्या कानावर पडलं. छप्पन्न गाण्यांचे छप्पन्न मुखडे लिहून ठेवले असते तर पहिल्या आठवड्याला काय वाजवलं असतं? तुमच्यासारखी मुलं नेमकं तेच करतात. सहा सोयी, सहाही अर्ध्या.

गाणी कुठून आणणार, हा प्रश्न पहाटे तीन वाजता सोडवायचा नाही. यूट्यूबच्या एपीआयला मी वापरत होते तेव्हा दिवसाला १०,००० युनिटांची मर्यादा होती आणि एका शोधाला १०० युनिटं जायची, म्हणजे दिवसभरात शंभर शोध. टाइप होणाऱ्या प्रत्येक अक्षराला शोध पाठवलास तर ‘सुरेश वाडकर’ लिहीपर्यंत दहा-बारा जातात. आठ-दहा नावांत दिवसाचा शिधा संपला. माझं एकदा असंच झालं. सादरीकरणाच्या सकाळी आमच्याच टीमने हौसेने शोधून शोधून कोटा संपवला आणि साहेबांसमोर पडद्यावर कोरी यादी. तेव्हापासून बोट थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने शोध पाठवते आणि एकदा मिळालेलं उत्तर आपल्याकडे साठवून ठेवते. तूही तसंच कर. आणखी एक, यूट्यूबचा व्हिडिओ लपवून नुसता आवाज वाजवायला त्यांच्या अटींत परवानगी नाही. चौकट किमान २०० बाय २०० पिक्सेलची दिसायला हवी, तेव्हा कागदावरच तिला जागा सोड.

स्पॉटिफायवर भिस्त ठेवणार असशील तर हेही ऐक. गाण्याची लय, जोश वगैरे आकड्यांत सांगणारी आणि मिळतीजुळती गाणी सुचवणारी सोय त्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या ॲपना बंद केली. ‘मूड ओळखून यादी’ ही तुझ्या मित्राची कल्पना तिथेच बारगळते. बारगळू दे. ‘बाबांची बदली झाली त्या दिवशी हे लागलं होतं’ असं कुणी लिहिलं, तर तो मूड कुठल्या आकड्यात बसणार होता?

शोधावर मात्र जीव ओत. स्पॉटिफायसारख्या सेवांची मांडणी कलाकार, अल्बम, गाणं अशा कप्प्यांची आहे. आपला माणूस तसा शोधत नाही. ‘पिंजरा’तलं एखादं गाणं कुणी उषा मंगेशकरांच्या नावाने शोधेल, कुणी राम कदमांच्या, कुणी जगदीश खेबुडकरांच्या, आणि बाकी सगळे ‘पिंजरा’ एवढंच लिहितील. तेही रोमनमध्ये, कुणी एक ‘ए’ कमी, कुणी एक जास्त. सगळं सोडवत बसू नकोस. लागोपाठ आलेली सारखी अक्षरं एकेरी कर, मधले स्वर सैल धर, आणि गायक, संगीतकार, गीतकार, सिनेमा अशी चारही नावं एकाच रकान्यात टाकून त्यात शोध. मोहक नाही, पण चालतं. एकच गाणं तीन जणांनी तीन ठिकाणांहून आणलं तर ओळखायला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरा-अंकांचा क्रमांक उपयोगी पडतो. तो ध्वनिमुद्रणाचा असतो, गाण्याचा नव्हे, एवढं लक्षात ठेव. मूळ रेकॉर्ड आणि नव्याने गायलेलं गाणं यांचे क्रमांक वेगळे निघतात.

दोघांनी एकाच वेळी गाणी वरखाली केली तर गोंधळ होतो. क्रमांक १, २, ३ असे न देता १०००, २०००, ३००० असे दे, म्हणजे मध्ये घुसवायला जागा राहते आणि बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. यादी ताजी ठेवायला दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारलंस तरी चालेल. तत्क्षणी बदलणारी यादी आणि ही, यांतला फरक परीक्षकाला कळत नाही.

नापसंतीचं बटण नको. घरच्यांच्या यादीत आजोबांच्या नाट्यगीताला नातवाने खाली बोट दाखवलं की ॲप त्या दिवशीच बंद पडलं असं समज. गाणं ज्याने टाकलं त्यानेच काढावं. इतरांनी फार तर पुढचं लावावं. कोण काय ऐकतंय हे मात्र न विचारता कुणाला दाखवू नकोस. २०११ मध्ये स्पॉटिफाय फेसबुकशी जोडलं गेलं आणि लोकांनी ऐकलेलं आपोआप मित्रांना दिसू लागलं. इतकी ओरड झाली की लपून ऐकायची सोय घाईने द्यावी लागली. माणूस यादीत टाकतो ते गाणं वेगळं आणि रात्री एकटा ऐकतो ते वेगळं.

आता तुझा रंग. गडद पार्श्वभूमी, एकच उठावदार रंग, तोही फक्त ‘गाणं टाका’ या बटणाला. बटण ४८ डीपीपेक्षा लहान नको, अंगठ्याने दाबायचं आहे. अक्षरं आधी ‘कुंकू’ लिहून तपास. इंग्रजीच्या मापाने ओळींची उंची ठेवली की वरचा अनुस्वार नाहीतर खालचा उकार कापला जातो, आणि परीक्षकांत कुणी मराठी असेल तर त्याची नजर पहिली तिथेच जाते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त धर. झाली पाच मिनिटं.

यादी परीक्षकांसमोर रिकामी उघडू नका. ‘टेस्ट १, टेस्ट २’ तर नकोच. तुम्ही चौघांनी एकमेकांसाठी खरीच गाणी टाका, खऱ्या ओळी लिहा. शेवटच्या चार तासांत नवीन कोडची एक ओळही नाही. सगळं चालतंय तोवर मोबाइलवर त्याचा दीड मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण हॉलचं वायफाय ऐन वेळी झोपतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमचे हॉटस्पॉट जवळ असू द्या.

आणि रात्री आळीपाळीने तीन-तीन तास झोपा. जागरण करून लिहिलेला कोड सकाळी कुणालाच ओळखू येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. रविवारी पहाटे पाचला मी फोन करीन. तू उचलला नाहीस तर झोपला आहेस असं समजून बरं वाटेल.