पुढचं दिसत नसताना

पुणे

प्रिय बाळ,


तुझं पत्र रविवारी उपासनेहून आल्यावर वाचलं आणि काल रात्री पुन्हा काढून बसले. जर्मनीला जायचं हुकलं, बरोबरीच्या मुली गेल्या आणि तू तालुक्याच्या दवाखान्यात रात्रपाळ्या करते आहेस. हे दुःख आतल्या आत न कोंडता लिहिलंस ते बरं केलंस. पण तुझं एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. तू लिहितेस, देवाची योजना काय आहे ते एकदा कळलं तर मी ती मुकाट्याने पाळीन.

बाळ, आधी सगळं समजावून सांगून देव फार थोड्यांना चालवतो. अब्राहामाला निघायला सांगितलं, पण कुठे पोहोचायचं ते सांगितलं नाही. पुढचं सगळं कळल्यावर विश्वासाला काम उरतंच किती?

केडगावचं मुक्ती मिशन तू लहानपणी पाहिलं आहेस. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचा पांढऱ्या साडीतला फोटो आपण तिथे पाहतो, हात जोडतो आणि त्यांना सगळं स्पष्ट दिसत असणार असं धरून चालतो. तसं मुळीच नव्हतं. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच 1882 मध्ये पती पटकीने गेले आणि मुलगी मनोरमा तान्ही होती. त्याच वर्षी पुण्यात शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी आग्रहाने सांगितलं की बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी. आपणच ते शिक्षण घ्यावं म्हणून 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे नकार मिळाला, कारण त्यांना ऐकू कमी येत होतं. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला त्याचंच दार बंद झालं. तुला आज जे वाटतं आहे, त्याची त्यांना पुरेपूर ओळख होती.

मग त्यांनी काय केलं? समोर जे होतं ते. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवलं, स्वतः शिकल्या. 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, ते त्यांच्या दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळताना पाहायला. ती पदवी स्वतःला मिळणार नाही हे ठाऊक असताना दुसरीच्या आनंदात सामील व्हायला त्या हजर राहिल्या. मला लीनता दिसते ती इथे. पुढे तिथल्याच लोकांच्या मदतीने 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं.

आता तू म्हणशील, म्हणजे बहिरेपणा आला म्हणूनच शारदा सदन झालं. तसं मी म्हणणार नाही. आपल्या मंडळीत पुष्कळजण असा हिशेब जुळवून दाखवतात, आणि मला ते आवडत नाही. दुष्काळात गेलेल्या आईवडिलांचा हिशेब कुठे जुळवायचा? देव विश्वासू आहे एवढं मला ठाऊक आहे. प्रत्येक घावाचं कारण मला ठाऊक नाही, आणि तुझ्या वॉर्डातल्या एखाद्या आईचं मूल गेलं तर तिला योजनेबद्दल तू काही सांगू नकोस. तिच्याजवळ बस.

पत्रातली दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. रात्री दोन वॉर्डांना मिळून एकच सिस्टर असते, हे बरोबर नाही, असं तू सांगितलंस, तर वरिष्ठांनी तुला लीन हो, कुरकुर करू नकोस, देवाने जिथे ठेवलं तिथे समाधानी राहा, असं सुनावलं. आणि आता तुलाच वाटतं आहे की आपण उद्दामपणा केला. नाही बाळ, तू उद्दामपणा केला नाहीस.

रमाबाईंनाही असंच ऐकावं लागलं होतं. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजच्या मठात झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यांच्याबद्दल खरी माया होती, पण आज्ञाधारकतेची त्यांची अपेक्षा वेगळी होती. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं रमाबाईंनी विचारलं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं, तेव्हा ते त्यांनी निमूटपणे मानलं नाही. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत अडकायची आपली तयारी नाही, हे त्यांनी लेखी कळवलं. त्यांना गर्विष्ठ म्हटलं गेलं. मला मात्र यात आज्ञाभंग दिसत नाही. देवापुढे जिचा गुडघा खरोखर टेकला आहे, तिला प्रत्येक माणसाच्या शब्दापुढे वाकावं लागत नाही. आणि एखाद्याने आपल्या सोयीवर देवाच्या इच्छेचा शिक्का मारला, म्हणून ती देवाची आज्ञा होत नाही.

याच बाईंनी 1897 च्या सुमारास मध्य प्रांतातून दुष्काळातल्या शेकडो मुली आणल्या, त्यांना न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं. संस्थेला उत्पन्न व्हावं म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना आसरा दिला. माणसापुढे ताठ उभी राहणारी बाई उवा भरलेल्या पोरीपुढे बसून तिचे केस विंचरायला कचरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून येतात, आणि त्या तुझ्यात एकत्र याव्यात असं मला फार वाटतं.

म्हणून तक्रार तोंडी ठेवू नकोस. किती रोगी, किती सलाईन, कुठल्या वेळी कोणाकडे पोहोचायला उशीर झाला, हे तारखेनिशी लिहून अर्ज दे. रागाचा शब्द नको, विनवणीही नको. अर्ज देऊन झाला की पाळीला वेळेवर जा आणि ज्यांनी तुला सुनावलं त्यांच्याशीही नीट वाग. उत्तर यायला वेळ लागेल. तो वेळ कुढण्यात घालवू नकोस. रोज रात्री काम सुरू करण्याआधी हातातल्या यादीतली नावं एकेक करून देवापुढे घे. पुढल्या वर्षाबद्दल त्याला खुशाल विचार, मनात असेल ते माग. गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूनेही मागितलंच होतं. मागून झाल्यावर मात्र त्याच्यावर सोड आणि वॉर्डात जा.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांचंही सांगते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या सगळ्या पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईलाही वाचता यावं म्हणून. मुक्तीच्या छापखान्यात मुलीच खिळे जुळवत. आपल्यामागे कारभार मनोरमा पाहील असं ठरलं होतं. 1921 मध्ये मनोरमाच गेली. त्या दुःखातही रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला तो 1924 मध्ये. त्यांनी तो छापील, बांधलेला असा कधीच पाहिला नाही.

जर्मनीची परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर जरूर दे. फीचे पैसे मी पाठवते, तुझ्या आईला त्रास देऊ नकोस. वॉर्डाच्या तक्रारीच्या अर्जाचा कच्चा मसुदा मात्र आधी मला पाठव. मी वाचून लगेच परत करते, म्हणजे महिनाअखेरच्या आत तुला तो देता येईल.

तुझी,
मावशी