लॉ क्लर्क म्हणजे कारकून नव्हे



मागच्या महिन्यात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीच्या आई कार्यालयात आल्या होत्या. मुलगी अमेरिकेत कायदा शिकते. हातात पेढे होते, पण चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "सर, तिला उन्हाळ्यात वॉशिंग्टनला क्लर्कशिप मिळाली. एवढा पैसा घालून शेवटी कारकुनीच का हो?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि काम कुठलं, तर समलिंगी लोकांच्या हक्कांचं. आता वाड्यात काय सांगू?"

ही बातमी 'अभिनंदन' सदरात घ्यायची ठरली, तेव्हा एका विश्वस्तांनी सुचवले की 'अमेरिकेत क्लर्कशिप' एवढेच छापावे, पुढचे गाळावे. त्यांचा हेतू वाईट नव्हता, मुलीच्या घरच्यांना त्रास नको असे त्यांना वाटले. आम्ही मात्र पूर्ण बातमी छापायचे ठरवले आहे, आणि ती नीट समजावी म्हणून हा पाठ. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातले. कायद्याची इंग्रजी आम्हालाही शब्दकोश जवळ घेऊनच वाचावी लागते, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्यावे.

आधी शब्द पाहू. अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर तीन वर्षांचे असते. मधल्या दोन उन्हाळी सुट्ट्यांत विद्यार्थी वकिलांच्या कचेरीत, सरकारी खात्यात किंवा एखाद्या संस्थेत काम करतात. त्यांना 'लॉ क्लर्क' म्हणतात. आपल्याकडे यालाच इंटर्नशिप म्हणतील. शिक्षण संपल्यावर न्यायाधीशांच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे काम करणाऱ्यालाही लॉ क्लर्कच म्हणतात, आणि ती जागा फार मानाची समजली जाते. दोन्हींत आवक-जावक रजिस्टर कुठेच नाही. काम असते वाचनाचे आणि लेखनाचे.

आता विषय. एलजीबीटी ही चार इंग्रजी आद्याक्षरे. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, दोघांकडे ओढ असणारी व्यक्ती, आणि जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही असे पारलिंगी लोक. यांना नोकरी, घर, शाळा, दवाखाना येथे इतरांसारखीच वागणूक मिळावी यासाठी कायदे आणि सरकारी नियम बदलवून घेण्याचे काम म्हणजे धोरणविषयक पाठपुरावा. तो कोर्टातल्या खटल्याहून वेगळा. अमेरिकेत पन्नास राज्ये आणि प्रत्येकाचे स्वतंत्र विधिमंडळ. कुठे कोणते विधेयक आले, त्यातल्या व्याख्येत कोण येतो आणि कोण सुटतो, हे कुणाला तरी ओळ न् ओळ वाचावे लागते. केंद्रातले एखादे खाते नवा नियम करणार असेल तर १९४६ च्या एका कायद्यानुसार सहसा मसुदा आधी जाहीर करून लोकांचे लेखी म्हणणे मागवावे लागते, आणि त्यातल्या महत्त्वाच्या मुद्द्यांची दखल घ्यावी लागते. असे म्हणणे मुदतीत, पुराव्यासह लिहून देणे हे अशा संस्थांचे मोठे काम. त्याचे कच्चे टिपण बहुधा विद्यार्थीच करतात.

एका शब्दावर किती अवलंबून असते ते पाहा. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीच्या बाबतीत पाच गोष्टींवरून भेदभाव करायला बंदी आहे: वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश. समलिंगी हा शब्द त्यात नाही. जॉर्जिया राज्यातील क्लेटन काउंटीत बालकल्याणाचे काम करणारे जेराल्ड बोस्टॉक समलिंगी खेळाडूंच्या सॉफ्टबॉल संघात खेळू लागले आणि पुढे त्यांची नोकरी गेली. समलिंगी असल्यामुळेच गेली, असे त्यांचे म्हणणे. १५ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की समलिंगी किंवा पारलिंगी आहे म्हणून काढणे हे 'लिंग' या शब्दातच येते. युक्तिवाद नववीच्या मुलालाही कळेल असा आहे. दोन कर्मचारी घ्या, एक बाई, एक पुरुष. दोघांनाही पुरुष आवडतात. मालकाने फक्त पुरुषाला काढले. दोघांत फरक कशाचा? लिंगाचाच ना! (गणिताच्या शिक्षकांनी हे फळ्यावर जरूर मांडून दाखवावे.)

आता ती गोष्ट, जी वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. १९८६ साली त्याच न्यायालयापुढे प्रश्न होता, दोन प्रौढ पुरुषांचा खाजगीतला संबंध हा गुन्हा ठरवता येतो का. न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांचे मत निर्णायक होते. ते आपल्या एका लॉ क्लर्कला म्हणाले की समलिंगी माणूस मला आयुष्यात कधी भेटलेला नाही. समोर बसलेला तो क्लर्क स्वतः समलिंगी होता. त्याने तसे सांगितले नाही. पॉवेल यांचा कल आधी दुसऱ्या बाजूला होता, पण शेवटी त्यांनी मत बदलले आणि पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा टिकला. निवृत्तीनंतर, १९९० मध्ये, न्यूयॉर्कमध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी मान्य केले की आपली बहुधा चूक झाली. न्यायालयाने तो निर्णय रद्द केला २००३ मध्ये. मध्ये सतरा वर्षे गेली.

विद्यार्थ्याचे काम लहान नसते याचे एक उदाहरण. इव्हान वुल्फसन यांनी १९८३ मध्ये हार्वर्डला कायदा शिकत असताना समलिंगी विवाहाच्या हक्कावर प्रबंध लिहिला. त्या काळी ही कल्पनाच लोकांना वेडेपणाची वाटे. पुढे ते याच कामात वकील झाले, आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क देशभर मान्य केला.

"हे सगळे तिकडचे," असे काही पालक म्हणतील. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची वेगळी ओळख २०१४ मध्ये मान्य केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही, ते संसदेवर सोपवले. आणि आपल्या मध्य प्रदेशाने तर याच्या कितीतरी आधीच सोहागपूर मतदारसंघातून शबनम मौसी यांना आमदार म्हणून निवडून दिले होते. तेव्हा लाजायचे कुणी?

ज्या विद्यार्थ्यांना कायदा शिकायचा आहे त्यांनी बारावीनंतरच्या क्लॅट परीक्षेची माहिती वर्गशिक्षकांकडून घ्यावी. भोपाळचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपल्या घरापासून फार लांब नाही. अमेरिकेचा विचार करणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की सेवाभावी संस्थांतील अशा कामाला मानधन पुष्कळदा थोडे असते किंवा नसतेच. कॉलेजचा मदतनिधी आहे का, कामाचे गुण अभ्यासक्रमात धरतात का, हे आधी विचारावे.

बातमीचा मजकूर आम्ही मुलीच्या आईंना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, पेन मागितले आणि 'क्लर्क' या शब्दाच्या आधी 'लॉ' लिहिले. बाकी काही खोडले नाही. विश्वस्तांचे मत अजून बदललेले नाही, पुढच्या बैठकीत त्यावर बोलणे होईलच.