नाक्यावर गाडी अडवली तर

पोट्टेहो, मृगाचा पाऊस पडला की तुम्ही रात्री टॉर्च घेऊन निघणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पोहऱ्याच्या जंगलाकडचा रस्ता असो, काटेपूर्णेचा काठ असो की नरनाळ्याचा पायथा, साप बाहेर पडले की त्यांच्यामागे तुम्हीही. त्याच रस्त्यांवर नाकाबंदी असते. साप कसा ओळखायचा, कसा धरायचा हे शिकवणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. हवालदाराने तोंडावर बॅटरी मारून "कुठं चालले बे एवढ्या रातचे?" विचारलं तर काय करायचं, ते मात्र कोणी शिकवत नाही.

आधी त्याच्या जागी उभे राहून बघा. रात्रीचा दीड वाजलेला. मोटारसायकलवर दोन पोरं, कपाळावर टॉर्च, सीटला बांधलेला लोखंडी आकडा आणि हँडलला लटकलेली, आतून हलणारी कापडी पिशवी. त्याच्या डोक्यात पहिलं येतं मांडूळ. मांडुळाला दोन तोंडं असतात, ते घरात ठेवलं की पैशाचा पाऊस पडतो, ही भाकडकथा अजून मेलेली नाही. तिच्यापायी लाखोंचे सौदे ठरतात आणि सापळे लावून पोलीस ते पकडतात. मांडुळानंतर येते घोरपड, मग चोरी. हा सर्पमित्र असेल, हे शेवटी सुचतं. त्याचा राग धरू नका, त्याला शेवटचं तेवढं पहिल्यांदा सुचेल असं वागा.

कायदा थोडक्यात सांगतो, कारण अर्धवट कायदा सांगणाऱ्या पोरांनी नाक्यावर स्वतःचंच नुकसान करून घेतलेलं मी पाहिलं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणी पकडणं आणि पकडायचा प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि नाग, परड, इतकंच काय आपली बिनविषारी धामणही पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला जाऊन बसली. शिक्षा 3 ते 7 वर्षं, दंड कमीत कमी 25 हजार. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी तुम्हाला ठाऊक आहे. 2025 मध्ये तिथल्या 21 जणांना शैक्षणिक कारणासाठी नाग धरायची मुभा मिळाली, ती केंद्र सरकारकडून आणावी लागली. मग तुमच्या खिशात कोणती परवानगी आहे?

म्हणून साप बघायला निघालात तर फक्त बघा. पिशवी, बरणी, पाइप घरी ठेवा. कॅमेरा, टॉर्च, आकडा, गमबूट आणि पाणी पुरे. रस्त्यावरचा साप गाडीखाली जाऊ नये म्हणून आकड्याने कडेला सारला, तेवढ्यावर थांबा. "जवळून फोटो काढतो अन् सोडतो" म्हणून पिशवीत घातलात की नाक्यावर सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

कोणाच्या घरात निघालेला साप धरायला गेलात तर गोष्ट वेगळी, पण तिथेही कागद आधी आणि साप नंतर. घरून निघायच्या आधी वनरक्षकाला आणि सर्पमित्रांच्या ग्रुपवर मेसेज टाका: कोणत्या गावातून, कोणाचा फोन आला, किती वाजता. साप धरला की जातीसकट दुसरा मेसेज. सोडताना तिसरा, जमलं तर वनरक्षकासमोरच सोडा. मेसेजवर वेळ आपोआप पडते, तिला कोणी खोटं म्हणू शकत नाही. साप जवळच्या योग्य जागी लगेच सोडायचा. बडनेऱ्याचा नाग मेळघाटात सोडायला नेणारे शहाणे असतात. नवख्या जागेत त्या सापाचं भलं होत नाही, आणि वाटेत जेवढे नाके तेवढे खुलासे. सकाळी शाळेत दाखवू म्हणून रातभर घरात ठेवणं तर साफ बंद.

आता प्रत्यक्ष नाका. लांबून बॅरिकेड दिसलं की अप्पर-डिपर बंद, वेग कमी. कपाळावरचा टॉर्च आधी विझवा. बोलताना तुम्ही ज्याच्याकडे बघता त्याच्या डोळ्यांत तो झोत जातो आणि माणूस तिथेच चिडतो. इंजिन बंद, दोन्ही हात हँडलवर. आकड्याला हात नाही, पिशवीला हात नाही. आणि त्याने काही विचारायच्या आत तुम्ही बोला: "सायेब, मी सर्पमित्र. पिशवीत जिवंत नाग हाय. हात लावू नका, काठीनं दाबू नका." हे वाक्य पाठ करा. पिशवी दिसली की शिपाई पहिल्यांदा काठीच्या टोकाने ती दाबून बघतो, आणि नाग कापडाच्या आतूनही चावतो. पिशवी गाडीला लटकवण्याऐवजी झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर मोठ्या अक्षरांत "विषारी साप" लिहा. लिहिलेलं दिसलं की आवाज आपोआप खाली येतो.

"दाखव मंग" म्हणतील. रस्त्यावर पिशवी सोडायची नाही, कोणी कितीही डिवचलं तरी. बघ्यांपैकी एखादा मोबाईल काढतोच, आणि मग तुमच्या हातात फणा काढलेला नाग, मागे खाकी वर्दी, असा व्हिडिओ सकाळपर्यंत जिल्हाभर. नम्रपणे म्हणा, "वनरक्षक साहेबांना फोन लावतो, ते येईपर्यंत इथंच थांबतो." फोन स्पीकरवर टाका आणि त्या दोघांना बोलू द्या. बहुतेक वेळा इथेच विषय संपतो. वन्यजीव कायद्याखाली झडती घ्यायचा अधिकार वन अधिकाऱ्याला किंवा उपनिरीक्षक आणि त्यावरच्या पोलिसाला आहे, पण कलम 50 हवालदाराला तोंडपाठ म्हणून दाखवू नका. "पीएसआय साहेबांना बोलवता का?" एवढं विचारलं की त्याला काय समजायचं ते समजतं.

एक कडू गोष्ट. बरेच वेळा अडतं ते सापामुळे नाहीच. लायसन्स नाही, विमा संपलेला, हेल्मेट घरी, तोंडाला वास. पिऊन साप धरणाऱ्याला मी सर्पमित्र म्हणत नाही, पोलिसांनी का म्हणावं? आणि पैसे देऊन सुटायचं नाही. पावती फाडा, पण बिनपावतीचा रुपया देऊ नका. एकदा दिलात की तुमच्या गाडीचा नंबर पुढच्या महिन्यातही लक्षात राहतो.

ओळखपत्राबद्दल. कुठल्याशा संस्थेने पाचशे रुपयांत दिलेलं, वर तीन सिंहांची मुद्रा आणि खाली "वन्यजीव अधिकारी" असं छापलेलं कार्ड खिशात असेल तर आजच फाडा. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि मानद वन्यजीव रक्षक हे पद सरकार नेमतं, आपण गाडीच्या काचेवर रंगवत नाही. 2025 च्या जुलैत महसूलमंत्र्यांनी सर्पमित्रांसाठी अधिकृत ओळखपत्र आणि 10 लाखांच्या अपघात विम्याची घोषणा केली. ते हातात पडेपर्यंत वन परिक्षेत्र कार्यालयात दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोच जवळ ठेवा. खोट्या कार्डापेक्षा तिला वजन आहे.

मेळघाटात, नरनाळा अभयारण्यात रात्री परवानगीशिवाय शिरायचंच नाही. अभयारण्यात पाऊल टाकायलाच परवाना लागतो, साप पुढची गोष्ट. 2013 मध्ये मेळघाटातल्या वाघांच्या शिकारी उघडकीस आल्या, तेव्हापासून तिथल्या अंधारात हलणारी बॅटरी म्हणजे शिकारी, असं धरूनच गस्त चालते आणि त्यात चूक काही नाही. हद्दीबाहेर फिरतानाही गस्तीवाले समोर आले तर झोत जमिनीवर, पाय जागेवर, नाव आणि गाव मोठ्याने. पळायचं नाही. वनरक्षकाच्या वहीत खरं नाव, खरी वेळ.

गावकऱ्यांना विसरू नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. असा संशय तुमच्यावर येऊ नये म्हणून शिवारात उतरायच्या आधी पोलीस पाटलाला फोन करा. रात्री गोंधळ झालाच तर ठाण्यातून पहिला फोन त्यालाच जातो.

आणि हे जरा कान देऊन ऐका. तुमच्यात एखादा फासेपारध्याचा पोरगा असेल तर नाक्यावर पहिला हात त्याच्या खांद्यावर पडतो. इंग्रजांनी 1871 मध्ये जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायचा कायदा केला, 1952 मध्ये तो गेला, पण शिक्का अजून पुसला नाही. सापाच्या मागावर त्याच्याइतका तरबेज तुमच्यात कोणी नसतो, हेही खरं. त्याला एकट्याला बाजूला नेऊ देऊ नका. "हा आमच्यासोबत आहे, मेसेजमध्ये याचंही नाव आहे" हे तुम्ही म्हणायचं, त्याने नाही. मेसेजमध्ये नाव आहे ना, हे निघतानाच बघा.

ठाण्यात नेलंच तर भांडू नका. कारण विचारा, घरच्यांना कळवायला सांगा, वकील मागा. 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. कोऱ्या किंवा न वाचलेल्या पंचनाम्यावर सही नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही म्हणून निर्धास्त राहू नका: वन्यजीव कायद्यात सहायक वनसंरक्षकाने आरोपीसमोर नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. तिथे आठवेल तेवढंच आणि खरंच बोला. गळ्यात साप घालून काढलेली रील फोनमध्ये असेल तर ती तुमच्याविरुद्ध आपोआप साक्ष देते, तेव्हा तसली रील काढूच नका.

वाटेत साप चावला तर हे सगळं बाजूला. नाका दिसला की स्वतः थांबा आणि सांगा. पोलिसांची गाडी अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात तुमच्या मोटारसायकलपेक्षा लवकर पोचवते. 108, 112 आणि वन विभागाचा 1926 हे तिन्ही नंबर आजच फोनमध्ये टाका, आणि तुमच्या बीटच्या वनरक्षकाचाही. त्याची बदली झाली असेल तर नव्याचा घ्या.