आपल्याच दृष्टीने टोळ

शास्त्राभ्यास : गणना १३:२५-३३, यहोशवा २:८-११, रोम १२:३

कनान देश हेरावयास मोशेने बारा माणसे पाठविली. चाळीस दिवसांनी ती परतली, तेव्हा द्राक्षांचा एकच घोस दोघांनी काठीवर वाहून आणिला होता. देश उत्तम आहे, याविषयी बाराही जणांचे एकमत होते. परंतु दहा जण म्हणू लागले की, तेथील धिप्पाड लोकांपुढे आपण आपल्या दृष्टीने टोळांसारखे होतो, आणि त्यांच्याही दृष्टीने तसेच.

प्रिय वाचकहो, या बोलण्याचा क्रम पाहा. आधी आपली दृष्टी, मग त्यांची. त्या लोकांनी यांस टोळ म्हटल्याचे शास्त्रात कोठेही नाही. हेरांनी आपल्याच मनातील विचार दुसऱ्याच्या तोंडी घातला. परिणाम काय झाला? सर्व लोक रात्रभर रडले, मिसरात परत जाण्याच्या गोष्टी बोलू लागले, आणि चाळीस वर्षे रानात गेली. पुढे यरीहोत राहाबेने सांगितले ते तर विलक्षणच आहे. तांबड्या समुद्राची वार्ता ऐकून त्या देशाच्या लोकांचेच काळीज पाणी झाले होते!

आपल्या बीड जिल्ह्यात हा पाठ शिकविताना कनानापर्यंत जावे लागत नाही. दसरा झाला की आष्टी, पाटोदा, गेवराई, धारूर येथील कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडावयास जातात. तेथे नवराबायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. हिशेबाला शब्द सोयीचा असेल; पण जो वर्षानुवर्षे हत्याराच्या नावाने मोजला जातो, तो हळूहळू स्वतःसही तसाच मोजू लागतो. मग 'पोराला शाळा कशाला, त्याच्याही हाती कोयताच येणार,' हे मुकादम बोलत नाही, बापच बोलतो. बाई दुखणे अंगावर काढते. खाड्याचे पैसे कापले जातील हे भय खरेच. परंतु एक दिवस पडून राहण्याइतकी आपली किंमत नाही, हा विचारही त्याखाली दडलेला असतो.

तथापि उपदेशकांनी येथे सांभाळावे. 'विचार बदल, म्हणजे सर्व ठीक होईल,' असे गरिबास सांगणे ही त्याची थट्टा होय. अनाकाचे वंशज खरोखर उंच होते, नगरांचे कोट खरोखर भक्कम होते. कालेबाने ते नाकारले नाही. उचलीचे कर्जही खरे आहे. पौल स्वतःस फाजील मोठे मानू नका म्हणून बजावतो, पण क्षुद्र माना असे म्हणत नाही. देवाने दिलेल्या विश्वासाच्या मापाने, शुद्धीवर राहून स्वतःस मोजावे, असे तो शिकवितो.

असे मोजणे कसे असते? १८४२ साली अहमदनगरास निघालेल्या 'ज्ञानोदय' पत्रात १८५५ साली मुक्ताबाई नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला गेला. ती पुण्यास जोतिराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. महारमांगांवर झालेले जुलूम तिने मांडले, त्यांतील एकही सौम्य केला नाही, आणि मोठमोठ्या पंडितांना उद्देशून प्रश्न केले. जुलूम खरा होता. पण त्यामुळे तिने स्वतःस टोळ मानिले नाही.

वर्गासाठी : प्रत्येकाने उभे राहून आपले पूर्ण नाव, गाव व हातचे कसब सांगावे. 'मी काय, नुसता कोयता,' असे कोणी म्हटल्यास, मोळी घट्ट कशी बांधतात, भरलेली बैलगाडी ओलीतून कशी काढतात, हे त्यास विचारावे व पुरते ऐकून घ्यावे. बायकांना आधी बोलू द्यावे. नाहीतर त्यांची उत्तरे नवरेच देऊन टाकतात.