ग्राफिक्स कार्डाची पारख

प्रस्तुत लेखाचा विषय पाहून कित्येक पालकांच्या कपाळास आठी पडेल हे मी जाणून आहे. शाळेच्या वार्षिक अंकात खेळाच्या यंत्राची चर्चा कशास हवी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु ज्या वस्तूवर घरातील हजारो रुपये एका दिवसात खर्च होतात, ती वस्तू काय आहे हे बाप व मुलगा ह्या दोघांसही ठाऊक नसावे, ही गोष्ट मला त्या खेळापेक्षा अधिक चिंतेची वाटते. शिवाय ह्या बाबतीत एक चूक खुद्द माझ्या हातून घडली आहे. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही.

आमच्या देवळाली कॅम्पातील एका विद्यार्थ्याने दहावीची परीक्षा उत्तम रीतीने पार पाडली. त्याचे वडील रिक्षा चालवितात. परीक्षेनंतर मनाजोगा खेळ खेळता येईल असे कार्ड घेऊन देण्याचा शब्द त्यांनी दिला होता. २०२४ च्या डिसेंबरात आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा खेळ मुलाच्या मनात भरला होता. वापरलेले 'जीटीएक्स १६६० सुपर' हे कार्ड स्वस्तात मिळत होते. "सर, घेऊ का?" असे त्याने विचारले, आणि मी खेळाची माहिती न वाचताच म्हणालो, "सहा जीबी मेमरी आहे, चालेल." बापलेक नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघाले, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवरून कार्ड घेऊन रात्री परतले. कार्ड बसविले, खेळ मात्र उघडलाच नाही. ह्या कार्डात 'रे ट्रेसिंग'ची सोय नाही, एवढाच निरोप पडद्यावर आला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी रिकामा खोका नीट बंद करून कपाटावर ठेवला.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी ग्राफिक्स कार्ड करते तरी काय, हे प्रथम पाहू. आपल्या जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आणला. चित्रपटात एकामागून एक स्थिर चित्रे वेगाने दाखविली की डोळ्यास हालचालीचा भास होतो. तेथे सर्व चित्रे आगाऊ काढून ठेविलेली असतात. संगणकाच्या खेळात मात्र पुढचे चित्र कोणते हे आगाऊ कोणासच ठाऊक नसते. खेळाडू डावीकडे वळला की उजवीकडे, त्यावरून ते तेथल्या तेथे रंगवावे लागते. सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. सेकंदास साठ चित्रे धरली तर १२,४४,१६,००० ठिपक्यांचे रंग दर सेकंदास ठरवावे लागतात. ह्याहून मोठ्या, 'फोर के' म्हणविणाऱ्या पडद्यावर हे काम चौपट होते. सबब पडदा साधा असेल तर महाग कार्डाचा हट्ट निरर्थक होय.

आता हे काम होते कसे? आपल्या छावणीत तोफखान्याच्या जवानांची कवायत ज्यांनी पाहिली आहे, त्यांस हे चटकन उमजेल. हुकूम एक, आणि शेकडो पाय एकाच वेळी उचलले जातात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे मोजके हुशार अधिकारी. ग्राफिक्स कार्ड म्हणजे एका हुकुमावर चालणारी मोठी पलटण. 'आरटीएक्स ४०६०' ह्या कार्डात असे ३०७२ छोटे गणक आहेत. त्यांना लागणारी सामग्री जवळच असावी म्हणून कार्डास स्वतःची मेमरी असते.

'रे ट्रेसिंग' म्हणजे प्रकाशाचा किरण कोठून निघून कोणत्या वस्तूवर आदळतो व कोठे परावर्तन पावतो, ह्याचे गणित. त्यासाठी कार्डात निराळी विद्युत्-मंडले लागतात. घरगुती कार्डांत ती प्रथम २०१८ साली आरटीएक्स २० मालिकेत आली. तथापि १६६० सुपर २०१९ च्या अखेरीस निघूनही तीत ती नाहीत. म्हणजे नुसते साल पाहून भागत नाही. त्या खेळाच्या निर्मात्यांनी किमान गरज म्हणून आरटीएक्स २०६० सुपर, आरएक्स ६६०० अथवा आर्क ए५८० अशी नावे स्पष्ट छापली होती. ती ओळ वाचावयास मला एक मिनिट लागले असते.

नावांच्या बाबतीत तर विशेष सावध असावे. 'आरटीएक्स ३०५०' हे नाव २०२२ साली आठ जीबीच्या कार्डास मिळाले, आणि तेच नाव २०२४ साली सहा जीबीच्या, कमी गणकांच्या कार्डास दिले गेले. 'जीटी १०३०' ह्याची डीडीआर ४ मेमरीची आवृत्ती तर मूळ आवृत्तीच्या जेमतेम एक-तृतीयांश वेगाने मेमरीशी देवघेव करते. खोक्यावरचे मोठे अक्षर सारखेच! मला तर हा प्रकार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्याचाच वाटतो.

मग विजेचा प्रश्न. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डास ७५ वॅटपर्यंतच शक्ती मिळते. सहा जीबीच्या ३०५० ला ७० वॅट पुरतात. ४०६० ला ११५, आणि २०२४ च्या डिसेंबरात निघालेल्या इंटेलच्या 'आर्क बी५८०' ला १९० वॅट लागतात. अधिक शक्ती पॉवर सप्लायकडून निराळ्या तारेने घ्यावी लागते, आणि तो हलक्या प्रतीचा असेल तर ऐन खेळात संगणक बंद पडतो. बी५८० मध्ये बारा जीबी मेमरी आहे व ते २४९ डॉलरला जाहीर झाले होते. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी व वाहतूक धरून ते अर्थातच महाग पडते. नव्या संगणकासाठी मी तेच सुचवीन. मात्र 'रिसायझेबल बार' ही सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डावर ते फार मंदावते. तेथे आरएक्स ६६०० किंवा ४०६० बरे. आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या मदरबोर्डावर घेऊ नये. त्याच्या चारच मार्गिका तेथे अपुऱ्या पडतात.

वापरलेले कार्ड वाईटच असते असे नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम ह्या आभासी चलनाचे खाणकाम बंद पडले, तेव्हा रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. म्हणून विकत घेण्यापूर्वी अर्धा तास आपल्यासमोर खेळ चालवून दाखवावयास सांगावे, पंख्याचा आवाज ऐकावा, आणि बिल व शिल्लक हमी मागावी. विक्रेता कुरकुरला तर सरळ घरी यावे. लॅपटॉप घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, त्यातील कार्ड बहुधा पुढे बदलता येत नाही.

आता त्या मुलाविषयी. खेळ 'स्टीम'वरून घेतलेला होता. चौदा दिवसांच्या आत व दोन तासांहून कमी खेळल्यास तेथे पैसे परत मिळतात, त्याप्रमाणे ते मिळाले. कार्ड मात्र राहिले. त्यावर तो सध्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेने २०२० साली काढलेला 'राजी' हा खेळ खेळतो. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावास शोधावयास निघालेल्या मुलीची ती कथा आहे, आणि १६६० सुपरवर ती उत्तम चालते. रिक्षा लावून आल्यावर वडीलही क्षणभर मागे उभे राहून पाहतात, असे तो सांगतो. गेल्या आठवड्यात तो पुन्हा माझ्याकडे आला. ह्या खेपेस त्याने कार्डाचे नाव काढलेच नाही. पॉवर सप्लायवरील चिठ्ठीचे छायाचित्र व आपल्या मदरबोर्डाचे नाव लिहिलेला कागद त्याने माझ्या टेबलावर ठेविला. चिठ्ठीवर ४५० वॅट असे छापलेले होते. आम्ही दोघांनी मिळून हिशेबास तेथून सुरुवात केली.